नेमबाजीचा सराव आणि कमरेचे पिस्तूल

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्यापासून सहा-सात किलोमीटरवर राहतो. वय २७. नऊ एकर कोरडवाहू वावर आहे. पऱ्हाटी आणि तूर घेतो. कॉलेजात एनसीसीत असताना .२२ रायफल चालवली होती. दीड वर्षापासून महिन्यातले दोन रविवार जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रेंजवर एअर पिस्तूल चालवतो. ६० शॉटमध्ये ६०० पैकी ५०० च्या आसपास गुण पडतात. आता परवाना काढून .३२ चे पिस्तूल घ्यावे, वावरात धुऱ्याला टार्गेट लावून रोज सराव करावा आणि कापूस विकून जिनिंगवरून रोख रक्कम आणताना तेच कमरेला बाळगावे, असा विचार आहे. घरी आजोबांची बाराबोरी बंदूक आहे, परवाना त्यांच्या नावावर आहे. तोवर ती मी चालवू शकतो का? माय मात्र ठाम नाही म्हणते. दोन वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हापासून ती घरात फवारणीचे औषधसुद्धा ठेवू देत नाही. माझी मुलगी चार वर्षांची आहे. मायची समजूत कशी घालावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या भागात नेमबाजी हा खेळ म्हणून मनावर घेणारी माणसे फार थोडी, आणि शेतीची कामे सांभाळून महिन्यातले दोन रविवार त्यासाठी काढणारी त्याहून थोडी. म्हणून तुमचे पत्र वाचून मनापासून आनंद झाला. परंतु त्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्या आधी सोडवून वेगळ्या केल्याशिवाय पुढे काही सांगता येणार नाही.

खेळासाठी पिस्तूल चालवणे आणि संरक्षणासाठी ते अंगावर बाळगणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची हत्यारे वेगळी आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती माणसाला लावतात त्या सवयी वेगळ्या आहेत. रेंजवर पिस्तूल सर्वांच्या डोळ्यांदेखत असते, नळी टार्गेटकडे करून टेबलावर ठेवलेले असते, नळी रिकामी असल्याची खूण म्हणून तिच्यातून सेफ्टी फ्लॅगची रंगीत दोरी ओवलेली असते आणि हुकूम होईपर्यंत त्यात छर्रा जात नाही. कमरेचे पिस्तूल झाकलेले असते, बहुधा भरलेले असते, आणि ते घाईत, घाबरलेल्या हाताने बाहेर काढण्यासाठीच असते. रविवारी पहिली सवय अंगात मुरवायची आणि सोमवारी जिनिंगच्या वाटेवर नेमकी तिच्या उलट वागणूक ठेवायची, म्हणजे एका बाजूने पेरत जायचे आणि मागून वखर फिरवायचा. माझा सल्ला स्पष्ट आहे : खेळ वाढवा, .३२ चा विचार तूर्त बाजूला ठेवा, आणि कमरेला हत्यार लावण्याचा विचार सोडून द्या. याची कारणे सविस्तर सांगतो, कारण नुसत्या 'नको'ने तुमचे समाधान होणार नाही आणि होऊही नये.

आधी खेळाच्या बाजूने पाहू. तुम्ही जो प्रकार खेळता तो १० मीटर एअर पिस्तूलचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात. यात ४.५ मिलिमीटरचा छर्रा वापरतात, पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते, आणि टार्गेटवरचा दहाचा ठिपका ११.५ मिलिमीटरचा, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा असतो. पुढची पायरी २५ मीटर पिस्तूलची, त्यात .२२ चे, म्हणजे .२२ इंच व्यासाच्या नळीचे, पिस्तूल लागते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवले ते या प्रकारात. आता .३२ कुठे बसते? सेंटर-फायर नावाच्या प्रकारात .३२ चालते हे खरे, पण त्यासाठीची पिस्तुले खास खेळासाठी घडवलेली असतात. बाजारात परवान्यावर मिळणारे .३२ चे पिस्तूल आखूड नळीचे, जवळच्या अंतरासाठी बनवलेले संरक्षणाचे हत्यार आहे. त्याच्या दोन साइट्समधले, म्हणजे नेम जुळवण्याच्या पुढच्या-मागच्या खुणांमधले, अंतर इतके कमी असते की हाताची बारीकशी चूक टार्गेटवर मोठी होऊन दिसते, आणि त्याचा चाप खेळाच्या पिस्तुलाच्या मानाने पुष्कळ जड असतो. रोज अशा पिस्तुलाचा सराव केलात तर तुमचे ५०० चे ५४० होणार नाहीत. चाप झटक्याने ओढण्याची खोड मात्र लागेल, आणि ती खोड मोडायला पुढे वर्ष जाईल.

परवान्याचे म्हणाल तर शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ या दोहोंप्रमाणे तो मिळतो. ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, परवाना देतात. पोलिसांचा अहवाल मागवला जातो, हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो आणि घरी ते सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे आणि एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त अग्निशस्त्रे ठेवता येत नाहीत. हे सगळीकडे सारखेच आहे. तुमच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. टिपेश्वर तुमच्यापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, म्हणजे तुमचे गाव त्या घेऱ्यात येते. त्याच अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. तेव्हा तुमचा रोजचा एखादा रस्ता जंगलातून जात असेल तर कमरेला पिस्तूल लावून त्या रस्त्याने मोटारसायकल नेणे हाच गुन्हा ठरू शकतो, मग तुमचा हेतू कितीही सरळ असो.

आजोबांच्या बाराबोरीबद्दल थोडक्यात. परवाना त्यांचा आहे, म्हणून ती बंदूक त्यांचीच आहे, घराची नाही. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्यांच्या लेखी अधिकाराने, दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्यांच्याच वापरासाठी ती उचलून नेण्याची मुभा कायद्यात आहे. तुम्ही स्वतः ती चालवण्याची नाही. आजोबांचे वय झाले आहे म्हणून हेही सांगून ठेवतो की, ते गेल्यानंतर ती बंदूक माळ्यावर तशीच पडू देणे हा गुन्हा आहे. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते आणि मग वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा असतो. दुःखाच्या दिवसांत ही गोष्ट घरात कुणाला सुचत नाही, आणि वर्षभराने नोटीस आली की धावपळ होते. रानडुकरांसाठी ती बंदूक उचलण्याचा मोहही टाळा. वन खात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, पऱ्हाटी तुमची असली तरी.

आता वावरातला सराव. धुऱ्याच्या मातीत गोळी मुरेल, हा तुमचा अंदाज ऐकायला बरोबर वाटतो. पण आपला धुरा म्हणजे कुठे गुडघ्याएवढा, कुठे कमरेएवढा उंच, वर बाभूळ नाहीतर बोर, आणि पलीकडे दुसऱ्याचे वावर. .२२ ची एवढीशी गोळी दीड किलोमीटरहूनही लांब जाऊ शकते. तुरीच्या ओळींत निंदायला बसलेली बाई, धुऱ्याआड बकऱ्या चारणारा पोरगा, विहिरीच्या कठड्याचा दगड, यांतले काहीच पिस्तुलाच्या साइटमधून दिसत नाही. दगडावर आपटलेली गोळी कोणत्या दिशेला उसळेल हे सांगता येत नाही, आणि उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळून दगडासारखी कडक होते तेव्हा तीही गोळी उसळवू शकते. रेंजला मागे उंच भिंत असते, बाजूंना आडोसे असतात, आणि 'थांबा' म्हणणारा माणूस असतो. या तीन गोष्टी नसतील तिथे अग्निशस्त्राचा सराव होत नाही. शिवाय परवाना ज्या कारणासाठी दिलेला असतो त्याच्या बाहेर हत्यार चालवणे म्हणजे परवान्याच्या अटींचा भंग. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार केल्यास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. वरातीत बार काढणाऱ्या पाहुण्यांनाही हे एकदा वाचून दाखवा.

रोजच्या सरावाची तुमची ओढ मात्र योग्य आहे, आणि ती भागवण्याचा मार्ग तुमच्या कोठ्यातच आहे. २० जूलपेक्षा कमी शक्तीच्या, ४.५ मिलिमीटर नळीच्या एअर पिस्तुलाला आज शस्त्र परवाना लागत नाही. परदेशी स्पर्धेचे पिस्तूल लाखाच्या वर जाते, ते तुम्हाला आत्ता नको. हाताने एकदा दाब भरून एक छर्रा सोडणारे साधे पिस्तूल घ्या. सिलिंडरवाल्या पिस्तुलात दाबाची हवा भरायला दर वेळी बहुधा शहर गाठावे लागते आणि ते खेड्यात जमत नाही. स्प्रिंगचे पिस्तूल स्वस्त पडते, पण त्याचा धक्का नेम बिघडवतो आणि छर्रा न घालता चालवल्यास ते आतून खराब होते.

कोठ्यात लांबाकडच्या बाजूने तुमच्या उभे राहण्याच्या रेषेपासून टार्गेटपर्यंत ३३ फूट मिळत असतील तर तुमची १० मीटरची रेंज झाली. जनावरे बाहेर बांधल्यावरच सराव करा. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंच घ्या. त्याच्या मागे दीड-दोन फूट खोलीची लाकडी पेटी ठेवून तिच्या आत मागच्या बाजूला जाड लोखंडी पत्रा उभा करा आणि पत्र्याच्या पुढे जुन्या गोधड्यांचे तुकडे दाबून गच्च भरा, म्हणजे छर्रा कापडातच अडकतो आणि पत्र्यावर आपटून परत येत नाही. उघड्या पत्र्यावर किंवा विटेवर छर्रा मारू नका. तो उलटा येतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. तुमच्या पाठीमागचे एक दार सोडून बाकी सगळी दारे आतून कडी लावून बंद असावीत. विशेषतः टार्गेटकडच्या बाजूचे एखादे लहान दार किंवा गव्हाणीची खिडकी राहून जाते. चार वर्षांचे पोर नेमके तिथूनच 'बाबा' म्हणत आत येते. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलीला उचलू नका, तंबाखू-सुपारीला किंवा भाकरीलाही हात लावू नका. पेटीतले छर्रे महिन्याने काढाल तेव्हा ते डब्यात साठवा; उकिरड्यावर टाकू नका, कोंबड्या टिपतात.

सरावात छर्रे सोडण्यापेक्षा न सोडण्याचा वाटा मोठा ठेवा. रोज सकाळी वीस मिनिटे, छर्रा न घालता, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा. पिस्तूल उचला, खांद्याच्या रेषेत आणा, आणि नजर भिंतीवर न ठेवता पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या उंचवट्यावर, ठेवा. मागच्या खाचेत ती माशी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड सोडून बसली पाहिजे. पुढे छर्रा घालून सराव करताना टार्गेटचे काळे वर्तुळ धूसर दिसले तर ते बरोबरच आहे. ज्याला टार्गेट लख्ख दिसते त्याची माशी धूसर झालेली असते. याचे गणित मला फार उपयोगी पडले आहे. खाच आणि माशी यांत ३६ सेंटीमीटर अंतर धरले, तर माशी खाचेत फक्त एक मिलिमीटर सरकल्याने १० मीटरवर छर्रा सुमारे २८ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे दहाऐवजी सात पडतो. उलट, माशी खाचेत नीट असेल आणि सगळा हातच एक मिलिमीटर डुलला, तर छर्राही जवळजवळ तेवढाच सरकतो आणि दहा दहाच राहतो. हात सगळ्यांचा डुलतो, ऑलिंपिकमधल्यांचासुद्धा. त्या डुलण्याला घाबरून माणूस चाप झटक्याने ओढतो आणि त्या झटक्याने माशी हलते. ६०० पैकी तुमचे गळणारे बहुतेक गुण इथेच गळत असावेत. उचलल्यापासून आठ-दहा सेकंदांत चाप सुटला नाही तर हात खाली घ्या, श्वास घ्या आणि नव्याने सुरुवात करा. खाली घेतलेला हात हा वाया गेलेला शॉट नव्हे.

हत्यार रिकामे आहे, या वाक्याबद्दल मला थांबून लिहावे लागेल. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे परवान्याचे पिस्तूल होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ते साफ करायला ओसरीवर बसलो. आधी मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढायचे, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची आणि नळीच्या मागच्या टोकाशी, काडतूस बसते त्या जागी, डोळ्याने पाहून, बोटाने चाचपून खात्री करायची, हा क्रम मला पाठ होता. त्या दिवशी बोलण्याच्या नादात मी आधी स्लाइड ओढली. एक काडतूस बाहेर पडले, दुसरे मॅगझीनमधून आपोआप वर चढले, आणि मग मी मॅगझीन काढले. पडलेले काडतूस समोर दिसत होते, मॅगझीन मांडीवर होते, म्हणून पिस्तूल रिकामे आहे अशी माझी खात्री झाली आणि सुटे करण्यासाठी मी चाप ओढला. गोळी ओसरीच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या कणगीत शिरली. कानांत नुसती शीळ घुमत होती, काही ऐकू येत नव्हते, आणि मी पाहत होतो ते कणगीच्या भोकातून जमिनीवर पडणारी ज्वारीची बारीक धार. त्या कणगीशी टेकून माझी वहिनी पुरणाची डाळ निवडत बसली होती आणि घटकाभरापूर्वीच चुलीकडे उठून गेली होती. त्या दिवशी पिस्तुलात बिघाड नव्हता, मी प्यायलो नव्हतो, मला हत्यार येत नव्हते असेही नाही. मला येत होते, म्हणूनच मी पाहिले नाही.

तेव्हापासून मी चार गोष्टी पाळतो, आणि त्या एअर पिस्तुलालाही तशाच लागू आहेत. हत्यार हातात घेताच ते भरलेले आहे असे धरून स्वतः तपासायचे, आताच दुसऱ्याने तपासून दिले असले तरी. नळी कधीही माणसाकडे, जनावराकडे किंवा घराकडे जाऊ द्यायची नाही. नेम जुळेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकलेले ठेवायचे. आणि टार्गेटच्या मागे काय आहे हे ठाऊक नसेल तर चाप ओढायचा नाही. तुमच्या रेंजवर हे शिकवलेच असेल. घरी एकटे असताना ते पाळता का, एवढे स्वतःला विचारा.

ही ज्वारीची धार डोळ्यांपुढे ठेवूनच कमरेच्या पिस्तुलाकडे वळतो. समजा, तुम्हाला परवाना मिळाला. शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्णपणे झाकून आणि तुमच्या ताब्यात राहील अशा रीतीने न्यावे लागते. ते दाखवत फिरणे, उगारणे याला बंदी आहे. म्हणजे ते शर्टाखाली जाणार. आता तुम्ही जिनिंगवरून निघालात, अंगात जाकीट, खाली खड्ड्यांचा रस्ता, दोन्ही हात मोटारसायकलच्या हँडलवर. लुटणारे समोरून हाळी देऊन येत नाहीत. मागून दोघे गाडी आडवी घालतात, तुम्ही पडता, आणि सावरेपर्यंत त्यांतला एक तुमच्या अंगावर असतो. त्या झटापटीत कमरेचे पिस्तूल तुमच्याच हाती लागेल याची खात्री मला तरी देता येत नाही. १० मीटरवर, सावलीत, पाऊण-एक तासात ६० शॉट सोडण्याचा तुमचा सराव तिथे कामी येणार नाही, कारण तो हात संथ करण्याचा सराव आहे. आणि ते तुमच्याच हाती लागले तरी पुढे काय? स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे, पण तो गरजेपुरताच आहे. ती गरज किती होती हे पुढे अनेक वर्षे तारखांना उभे राहून तुम्हाला सांगत बसावे लागते. पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी चालली तर तो हक्क बहुधा उरत नाही.

शिवाय हत्यार फक्त त्या एका वाटेवर सोबत नसते. ते बाजाराच्या गर्दीत असते, एसटीत असते, लग्नाच्या पंगतीत असते, सोयऱ्याने आग्रहाने बसवले त्या ओट्यावर असते. धुऱ्याच्या वादात शेजाऱ्याने आईवरून शिवी दिली तेव्हाही ते कमरेलाच असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जिल्ह्याच्या छाननी समितीने सांगितले तर ते जमा करायला जावे लागते. चोरीला गेले तर लगेच फिर्याद द्यावी लागते. ज्याला जिवाचा ठोस धोका आहे आणि पोलिसांनी तसा अभिप्राय दिला आहे, त्याने हे ओझे पत्करावे. वर्षातून सात-आठ वेळा रोख रक्कम आणण्यासाठी ते पत्करणे मला पटत नाही.

त्या रकमेवर सोपा उपाय आहे. भारतीय कपास निगमच्या खरेदीत पैसे थेट बँक खात्यात येतात. खासगी व्यापाऱ्यालाही सौदा ठरवतानाच सांगा की रक्कम खात्यावर हवी. काही व्यापारी रोखीचा आग्रह धरतात, कधी त्यासाठी भाव थोडा वर-खाली करतात. त्या फरकाचा हिशेब पिस्तुलाची किंमत, काडतुसे आणि परवान्याच्या खेपा यांच्याशी लावून पाहा. रोख घ्यावीच लागली तर दिवसाउजेडी, दोघांनी मिळून, गावच्या इतर गाड्यांसोबत निघा आणि वाटेतल्या बँकेत भरणा करूनच घरी या. उलंगवाडीच्या वेळी शेवटचा वेचा विकताना सगळ्यांच्याच खिशात पैसे आहेत हे साऱ्या मुलखाला माहीत असते. तेव्हा तरी एकट्याने येऊ नका.

रेंजवर एअर पिस्तूल नेताना मात्र ते अग्निशस्त्रच आहे असे समजून न्या. रिकामे, नळीत सेफ्टी फ्लॅग, कुलूपबंद पेटीत, आणि ती पेटी पाठीवरच्या पिशवीत. मोटारसायकलच्या डिक्कीत नको. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात डिक्की तापून आतले रबरी वायसर खराब होतात, आणि चहाला थांबलात की गाडीपाशी कुणी नसते. छर्ऱ्यांचा डबा वेगळा ठेवा. खरेदीच्या बिलाची प्रत आणि रेंजचे ओळखपत्र सोबत असू द्या, कारण दुरून पाहणाऱ्याला एअर पिस्तूल आणि खरे पिस्तूल यांतला फरक कळत नाही आणि नाकाबंदीतल्या शिपायालाही तो लगेच कळावा ही अपेक्षा बरोबर नाही. अडवले तर पिशवीला हात घालू नका. आत काय आहे ते आधी तोंडाने सांगा. घरून निघाल्यावर सरळ रेंज आणि रेंजवरून सरळ घर. पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात काहीही ठेवू नका, चामडे ओल धरते आणि लोखंड गंजते.

आता मायबद्दल. तुम्ही विचारले आहे की तिची समजूत कशी घालावी. मला वाटते, या पत्रात सगळ्यांत नीट विचार तिनेच केलेला आहे. काका कसे गेले ते तुम्ही लिहिलेले नाही, पण फवारणीच्या औषधाबद्दलचे तुमचे पुढचे वाक्य वाचल्यावर ते लिहिण्याची गरजही राहिली नाही. आपल्या जिल्ह्यात अशी घरे किती आहेत हे तुम्ही-मी दोघेही जाणतो. वाईट रात्र येते आणि बहुधा जातेही. ती जाईपर्यंत हाताशी काय होते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. हे मी केवळ भावनेपोटी लिहीत नाही. श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि त्यानंतर तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण खूप खाली आले. घरात औषध ठेवायचे नाही हा तुमच्या मायचा नियम त्याच जातीचा आहे, आणि तो तिने कुठे न वाचता केला आहे. अग्निशस्त्र तर विचार बदलायला क्षणाचीही उसंत देत नाही. ती तुमच्यावर शंका घेते आहे असे समजू नका. बोंडअळीने पीक गेले, कर्ज थकले, घरात भांडण झाले, अशा एखाद्या दिवसाचा विचार ती करते आहे, आणि तो दिवस तुमचाच असेल असे नाही. आजोबांचा असेल, तुमच्या पत्नीचा असेल. म्हणून आजोबांच्या बाराबोरीबद्दलही घरात बोला. ती भिंतीवर टांगलेली किंवा पलंगाखाली असेल तर आजच कुलपात जाऊ द्या, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि आजोबांना आता तिची गरज नसेल तर ती रीतसर जमा करून परवाना परत करता येतो का, हे त्यांनाच विचारा. काका गेल्याचे स्वतः तुमच्या मनावर अजून ओझे असेल, तर त्याबद्दल कुणाशी तरी बोला. 'टेली मानस'ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

एअर पिस्तूल घेण्याआधी मायला आणि पत्नीला एका रविवारी रेंजवर घेऊन जा. सरावाच्या वेळी तिथे किती शांतता असते आणि हुकमाशिवाय कुणी हत्याराला हातही लावत नाही, हे त्यांना पाहू द्या. त्यानंतरही माय नाही म्हणाली तर तुमचे पिस्तूल रेंजच्या कपाटात ठेवण्याची सोय होते का ते विचारा आणि घरी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली उचलून खांदा घडवा. तिचे वजन पिस्तुलाएवढेच, साधारण एक किलो असते. तिने होकार दिला तर पेटीची एक किल्ली तिच्या कमरेला राहू द्या. किल्ली मागून घेतल्याशिवाय पेटी उघडायची नाही, ही अट तुम्ही स्वतःहून घाला.

खरिपाच्या पेरणीआधी दोन-अडीच महिने तुमच्या हाती आहेत. तोवर भिंतीसमोरचा सराव आणि महिन्यातले दोन रविवार एवढेच करा, आणि रेंजच्या प्रशिक्षकांकडे जिल्हा व राज्य पातळीवरच्या स्पर्धांची चौकशी करून नाव नोंदवा. पुढे .२२ चे पिस्तूल आणि त्याचा खेळाडू म्हणून परवाना हवा असेल, तर मागे स्पर्धांतली कामगिरी आणि संघटनेची शिफारस असल्यावर तो अर्ज निराळ्या वजनाने पाहिला जातो. कागदी टार्गेट्स फेकू नका. प्रत्येकावर तारीख, वेळ आणि त्या दिवशी वावरात काय काम केले ते लिहून ठेवा. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या दिवशी आणि आराम केलेल्या दिवशी छर्रे कसे वेगळे पडतात ते तुम्हाला स्वतःलाच दिसेल. मृगाआधीची शेवटची पाच टार्गेट्स मला टपालाने पाठवा.